टीव्हीखाली ठेवायच्या पीसीसाठी किती लहान कॅबिनेट घ्यावं?

तुम्ही नागपुरातच राहता, हॉलमधल्या टीव्हीखाली सिनेमे बघण्यापुरता पीसी बसवायचा आहे, आणि त्यासाठी सगळ्यात लहान, तीन-चार लिटरचं (कॅबिनेटचं आकारमान लिटरमध्ये सांगतात) कॅबिनेट घ्यावं का, असा तुमचा प्रश्न आहे. माझं मत: घेऊ नका. सात ते दहा लिटरचं, आडवं आणि चपटं घ्या.

कारण आपला उन्हाळा. कॅबिनेटच्या चाचण्या बहुतेक वीस-पंचवीस अंशांच्या थंड खोलीत होतात. आपल्याकडे २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, दुपारी कूलर बंद असला की हॉलमध्येच ३८-४० अंश असतात. पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो, स्वतः हवा गार करत नाही. त्यामुळे चाचणीत प्रोसेसर ६५ अंशांवर दिसला तर आपल्याकडे तो ऐंशीच्या घरात जाईल असं धरून चाला.

मी पहिल्यांदा साडेतीन लिटरच्या आतलंच घेतलं होतं. दिसायला फार देखणं. डिसेंबरात चालू आहे की बंद तेही कळायचं नाही. एप्रिल लागला आणि छोटा पंखा पूर्ण वेगाने फिरू लागला. सिनेमातल्या शांत प्रसंगात ती बारीक शिट्टी इतकी टोचायची की आईने एकदा विचारलं, "हे काय भुणभुणतंय रे?" तेवढीच हवा लोटायला लहान पंख्याला जास्त वेगाने फिरावं लागतं, आणि तोच आवाज. मी शेवटी कॅबिनेट बदललं.

घेताना एक आकडा आधी बघा: प्रोसेसरवरच्या कूलरला (हीटसिंक म्हणजे उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा, आणि त्यावरचा पंखा) किती उंची मिळते. इन-विन कंपनीच्या चोपिन या लहान कॅबिनेटमध्ये ४३ मिमी मिळते आणि १५० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा भाग) सोबतच येतो. फ्रॅक्टलचं नोड २०२ फक्त ८२ मिमी जाड आहे, तरी त्यात ५६ मिमीचा कूलर आणि एसएफएक्स या ठरलेल्या लहान मापाचा एसएमपीएस बसतो. ते तेरा मिमी क्षुल्लक वाटतात, पण त्यातच जाड हीटसिंक आणि सावकाश फिरणारा पंखा मावतो. एसएफएक्सचा आणखी एक फायदा: पाच वर्षांनी एसएमपीएस गेला तर दुसरा मिळतो. काही कॅबिनेटमधला खास मापाचा गेला की शोधत फिरावं लागतं.

मदरबोर्ड मिनी-आयटीएक्स, म्हणजे १७० बाय १७० मिमी. ग्राफिक्स कार्ड नको. सिनेमासाठी प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पुरतं. बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) प्रोसेसरची वीजमर्यादा ३५-४५ वॉटवर आणा, सिनेमा बघताना फरक जाणवत नाही.

बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) दुकानात जायच्या आधी टीव्ही युनिटचा कप्पा टेपने मोजा. कॅबिनेटच्या मागे एचडीएमआयची वायर वळायला पाचेक सेंटीमीटर लागतात, ते बहुतेक जण विसरतात. वर आणि बाजूला हवेसाठी जागा ठेवा. कप्पा मागून प्लायने बंद असेल तर सुताराकडून मोठं छिद्र पाडून घ्या. गरम हवा कप्प्यातच फिरत राहिली तर कितीही चांगलं कॅबिनेट हरतं.

धूळही मोठा प्रश्न आहे. डेझर्ट कूलरचा झोत थेट पीसीवर येणार नाही अशी जागा निवडा. ओलसर हवेने धूळ जाळीला चिकटून बसते आणि हवेची वाटच बुजते. त्यामुळे जाळी न उचकटता बाहेर काढून धुता येईल असंच कॅबिनेट बघा. मार्च ते जून मी दर पंधरा दिवसांनी ती धुतो.

कीबोर्डचा वायरलेस डोंगल मागच्या पोर्टात लावाल तर पत्र्याआडून सिग्नल अडखळतो. एक फूटभर यूएसबी एक्स्टेंशन घेऊन तो पुढे आणा.

कप्प्याची आतली उंची, रुंदी आणि खोली कळवलीत तर त्यात काय बसेल ते नेमकं सांगता येईल.