आयर्लंडहून घरी जाताना सचित्र पुस्तक न्यावं की चॉकलेटं?

तुम्ही विचारलंय, की डब्लिनमधलं दोन वर्षांचं शिक्षण आटोपून डिसेंबरात घरी निघालोय, तर आई-वडिलांना आयर्लंडची संस्कृती, निसर्ग, जुने अवशेष दाखवणारं मोठं सचित्र पुस्तक न्यावं का? रूमवरचे मित्र म्हणतात, "असली पुस्तकं कोण उघडून बघतं, चॉकलेटं ने."

न्या. मित्रांचं ऐकू नका. हेच वाक्य माझ्या सख्ख्या भावाने मला अकरा वर्षांपूर्वी ऐकवलं होतं आणि ते अजून मनातून गेलेलं नाही, म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसलेय.

मी कॉर्कला राहते, माहेर राजापूर तालुक्यात. बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि भूगोल म्हणजे त्यांचा जीव की प्राण. मी पहिल्यांदा सुट्टीवर गेले तेव्हा विमानतळावर घाईघाईत एक चकचकीत पुस्तक उचललं. हिरवी कुरणं, मेंढ्या, सूर्यास्तातला किल्ला, मोहेरचे कडे, पुन्हा मेंढ्या. बाबांनी चष्मा लावला, दहा मिनिटांत शेवटच्या पानापर्यंत गेले, पुस्तक मिटलं आणि विचारलं, "इथे माणसं राहत नाहीत का गं?" दादा शेजारीच बसला होता. म्हणाला, "एवढं ओझं वाहून आणलंस! चित्रंच बघायची तर मोबाइलवर हवी तेवढी आहेत. ज्याला वाचायचं नसतं त्याच्यासाठी असतात ही पुस्तकं."

त्या एका पुस्तकापुरतं दादाचं खरं होतं, हे कबूल करते. तसली पुस्तकं म्हणजे बांधणी केलेली पोस्टकार्डंच. जॉन हाइंड नावाच्या इंग्रज छायाचित्रकाराने १९५६ साली डब्लिनमध्ये पोस्टकार्डांची कंपनी काढली. छपाईत रंग भडक करायचे आणि समोर काही नकोसं दिसत असेल तर ते झाकायला ऱ्होडोडेंड्रॉनची फांदी आणून लावायची, ही त्याची पद्धत. पश्चिम आयर्लंडमधल्या कोनेमाराच्या दलदलीतलं टर्फ, म्हणजे कापून वाळवलेली जळणाची माती, गाढवावर लादून नेणारी तांबड्या केसांची दोन पोरं, हे त्याचं सर्वांत गाजलेलं चित्र. आयर्लंड म्हटलं की जगाला जे आठवतं त्यातलं पुष्कळसं तिथून आलेलं आहे, आणि विमानतळावरची पुस्तकं अजून त्याच वाटेने जातात.

पण "वाचायचं नसतं त्याच्यासाठी" हे दादाचं म्हणणं साफ चूक होतं.

दोन वर्षांनी पुन्हा जायची वेळ आली. आमच्या शेजारी एक आजी राहायच्या, मूळच्या काउंटी क्लेअरच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. बाबा भूगोल शिकवायचे हे कळल्यावर त्यांनी आपल्या कपाटातलं एक जुनं, पाठीचं कापड विरलेलं पुस्तक काढून हातात दिलं. निम्मी छायाचित्रं काळी-पांढरी. बाकी नकाशे, पेन्सिलीने काढलेली घरं, दगडी भिंतींचे छेद, आणि प्रत्येक चित्राखाली चार-पाच ओळी: हे कुठलं गाव, ही भिंत कशी रचली, हे शेत एवढं अरुंद का.

बाबांना ते आठ महिने पुरलं. भिंग घेऊन ओटीवर बसायचे.

बरेनच्या पानावर तर ते अडकूनच पडले. बरेन म्हणजे क्लेअरमधला चुनखडकाचा उघडा माळ. नावच आयरिश 'बोईरन'वरून आलंय, अर्थ खडकाळ जागा. बाबांनी फोनवर एका शब्दात निकाल लावला: "सडा!" आमच्याकडचा कातळसडा जांभ्याचा आणि हा चुनखडकाचा, पण खडकाच्या फटीत साठलेली मूठभर माती, तिच्यात ठरावीक ऋतूत उसळणारी फुलं, आणि बाहेरच्या माणसाला दिसणारं ओसाडपण, सगळं त्यांच्या ओळखीचं निघालं. १६५१ साली, आयर्लंडवर स्वारी करणाऱ्या इंग्रज सेनानी क्रॉमवेलचा अधिकारी लडलो तिथे गेला होता. त्याने लिहून ठेवलंय, की इथे माणूस बुडवायला पाणी नाही, फाशी द्यायला झाड नाही आणि पुरायला माती नाही. आणि लगेच पुढे लिहिलंय, की तरीही इथली गुरं धष्टपुष्ट आहेत, कारण खडकांमधलं गवत फार गोड आहे. हा दुसरा भाग वाचून बाबा खूश. बहुतेक ठिकाणी गुरं उन्हाळ्यात डोंगरावर चढवतात, बरेनचे शेतकरी मात्र हिवाळ्यात वर नेतात, कारण चुनखडक पाणी धरून ठेवत नाही आणि गुरांना बसायला कोरडी जागा मिळते. हे त्यांनी शेजारच्या चार घरांत जाऊन सांगितलं.

पश्चिम किनाऱ्याजवळच्या आरन बेटांवरच्या चुन्या-मातीशिवाय रचलेल्या भिंती पाहून म्हणाले, "हा तर आपला गडगा." तिथल्या लोकांनी उघड्या खडकावर वाळू आणि समुद्री शेवाळ पसरून माती तयार केली आणि तिच्यात बटाटे लावले, हे त्यांनी वहीत उतरवून घेतलं. उत्तरेकडच्या अँट्रिमच्या किनाऱ्यावरचे, जायंट्स कॉजवेचे बेसाल्टचे सुमारे ४०,००० खांब पाहिल्यावर त्यांना अंधेरीची गिल्बर्ट हिल आठवली. एकदा शाळेची सहल तिथे नेली होती, तेव्हाचा फोटो शोधून त्यांनी त्या पानात खुणेला ठेवला. लाव्हा निवताना आक्रसतो आणि षटकोनी तडे जातात, दोन्हीकडे कारण एकच. फिन मॅककूल नावाच्या राक्षसाने स्कॉटलंडला जायला तो रस्ता बांधला, ही तिकडची कथाही त्यांना पाठ झाली.

आणि मग पश्चिमेकडच्या ॲकिल बेटावरचं स्लीवमोर, एक ओस पडलेलं गाव. डोंगराच्या उतारावर ओळीने उभी बिनछपराची दगडी घरं. १८४५ ते १८५२ च्या दुष्काळात बटाटा कुजला, सुमारे दहा लाख माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेत सबंध आयर्लंड बेटावर ऐंशी लाखांहून जास्त लोक होते, तो आकडा आयर्लंडने आजतागायत पुन्हा गाठलेला नाही. स्लीवमोर एकट्या दुष्काळाने ओस पडलं नाही, पण त्या पानावर बाबा बराच वेळ गप्प होते, असं आईने सांगितलं. आमच्या वाडीतली निम्मी घरं गणपतीपुरती उघडतात. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर त्या पानावर होतं: माणसं राहत होती.

तुमच्या मित्रांना एवढंच सांगा. त्यानंतर बाबा मला कामाला लावू लागले. "पुलनाब्रोनला जाऊन ये. वरच्या शिळेची जाडी किती ते बघून सांग." पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं बरेनमधलं ते दगडी थडगं आहे, खाली तीसहून जास्त माणसांची हाडं सापडली होती. मी इथे चार वर्षं राहून बरेनला गेले नव्हते! बाबांनी राजापुरात बसून मला पाठवलं. गाडी काढून गेले, दोरीबाहेर उभी राहून अंदाजाने जाडी सांगितली, तर म्हणाले, "अंदाज नको, पुस्तकात बघतो." मोबाइलवर चित्रं असतात, हे मलाही माहीत आहे. पण मोबाइलवरच्या चित्राने कुणाच्या बापाने लेकीला असं पाठवलेलं मी अजून ऐकलेलं नाही.

आता तुमचा प्रश्न. दुकानात पुस्तक हातात घेतलं की आधी नकाशा आहे का बघा. नसेल तर खाली ठेवा. मग मधलंच एखादं पान उघडून चित्राखालची ओळ वाचा. 'पश्चिमेतला रम्य सूर्यास्त' एवढंच असेल तर तेही ठेवा. गावाचं नाव, काळ, माणूस किंवा काम असेल तर घ्या. लेप्रेकॉन म्हणजे लोककथांतले बुटके, शॅमरॉकची तीन पानं आणि पबचे दरवाजे असलेलं काही घेऊ नका. पैसे असतील तर कॉर्क युनिव्हर्सिटी प्रेसने काढलेले मोठे ॲटलास बघा. ग्रामीण भूप्रदेशावरचा १९९७ चा आणि दुष्काळावरचा २०१२ चा, दोन्हींत नकाशांची श्रीमंती आहे. घरात कुणाचा हात चित्रकलेत असेल तर ट्रिनिटी कॉलेजातल्या 'बुक ऑफ केल्स'च्या पानांचं पुस्तक न्या. इसवी सन ८०० च्या सुमारास वासराच्या कातड्यावर लिहिलेली ती शुभवर्तमानं. त्यातल्या एकमेकींत गुंतलेल्या गाठी माझ्या आईने ठिपके मांडून दिवाळीच्या रांगोळीत उतरवल्या होत्या. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आणि चॅरिटी शॉपमध्ये चक्कर मारल्याशिवाय मात्र नवं काही घेऊ नका.

अजून थोडं राहिलं. ॲटलास फार जड असतात, सामानाचं वजन आधी करा आणि पुस्तक केबिनच्या बॅगेत ठेवा, कोपरे दबत नाहीत. आयर्लंडमध्ये छापील पुस्तकांवर व्हॅट शून्य आहे, त्यामुळे विमानतळावर परतावा मिळेल असं धरून चालू नका. आई-वडिलांना इंग्रजी जड जात असेल तर चित्राखालच्या ओळी मराठीत लिहून चिठ्ठ्या पानांत घालून द्या, दोन रविवार जातील पण घालवा. आणि ज्यांना निवांत बसून बघायची सवयच नाही त्यांना चॉकलेटंच न्या, त्यात काही कमीपणा नाही.

बाबा जाऊन आता तीन वर्षं झाली. ते जुनं पुस्तक, आतल्या सहलीच्या फोटोसकट, दादाच्या डोंबिवलीच्या घरी आहे. मी तीनदा मागितलं, देत नाही. दादा, वाचत असशील तर सांग, ओझं होतं ना ते?