मावशी, तुम्ही पडला नाहीत

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून पत्र आलंय. सांगितलंय सत्तरीच्या आजीने, लिहिलंय बारावीतल्या नातीने. आजोबा गेल्यावर 3 एकर वावर आजीच्या नावावर झालं. मुलगा दारू पिऊन येतो, श्रावणबाळचे पैसे जमा झाले की पासबुक ओढून नेतो, सकाळी उतरली की पायाशी बसून रडतो. गेल्या महिन्यात त्याने बैल हाकायची तुतारी आईच्या मनगटावर घातली. डॉक्टरला आजीने सांगितलं, विहिरीवर घसरले. आता विचारतात, "वावर त्याच्या नावानं करून दिलं तर मारणं थांबेल का? पोटचं लेकरू पोलिसात कसं देऊ?"

मावशी,

नाही थांबणार. वावर देऊ नका. तो मारतो, पण घराबाहेर काढत नाही, कारण सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे. ते गेलं की तुमच्या हाती काय उरेल? हक्कसोड असो, बक्षीसपत्र असो, कोरा कागद असो, अंगठा देऊ नका. 'सांभाळ करीन' या अटीवर दिलेली जमीन, सांभाळ झाला नाही तर, ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यातल्या कलम 23 खाली परत मागता येते. पण या वयात आपल्याच वावरासाठी कचेरीच्या पायऱ्या का चढायच्या?

पोरगा वाईट नाही, दारू वाईट, असं तुम्ही लिहवून घेतलंय. कपाशीला भाव नाही, डोक्यावर कर्ज आहे, हेही. खरं असेल, आणि त्याचं मलाही वाईट वाटतं. पण कृषी केंद्रवाल्याची उधारीही थकली असेल ना? पिऊन त्याच्यावर कधी तुतारी उचलली का? म्हणजे प्यायल्यावरही त्याला बरोबर कळतं, कोणाला मारलं तर कोणी विचारायला येणार नाही.

आमच्या गावात एक आजी होती. वैशाखात, अंगाची लाही होत असताना, लांब बाह्यांचं पोलकं घालून ओसरीत बसायची. आम्हा पोरींना वाटायचं, म्हाताऱ्या माणसांना थंडी वाजते. ती गेली तेव्हा आंघोळ घालणाऱ्या बायांनी तिचे दंड पाहिले आणि गप्प राहिल्या. माझी आई त्यांच्यात होती. म्हणून तुमचं पत्र मी त्याच दिवशी उत्तराला घेतलं.

पोलिसांची भीती वाटते ना? मग आधी 14567 ला फोन लावा. ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन आहे, सकाळी 8 ते रात्री 8. खर्चापाण्यासाठी त्याच 2007 च्या कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे एसडीओकडे, अर्ज करता येतो. तिथे वकील लागत नाही. मारहाणीसाठी 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. तो फक्त सुनांसाठी आहे असं गावात समजतात, पण मुलाच्या हातचा मार खाणारी आईसुद्धा त्यात येते. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याला भेटा, हात लावू नये असा कोर्टाचा आदेश मिळतो. बाईमाणसाला सरकारकडून वकील फुकट मिळतो, त्यासाठी 15100. मात्र तो अंगावर आला त्या घडीला 112 च लावायचा. लेकराला आत टाकायला नाही, तुमचं डोकं फुटू नये म्हणून.

दारव्ह्याच्या लेकीला अजून सांगितलं नाही म्हणता. आजच सांगा. लेकीच्या दारी राहू नये असं ज्यांनी ठरवलं, त्यांनी तुमचं मनगट पाहिलं नव्हतं.

आणि पोरी, तू. आजीला वाचवायला मधे पडतेस असं कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंयस. मधे पडू नकोस. दार उघडून बाहेर पळ, शेजाऱ्यांना मोठ्याने हाक मार. तुझ्यावर हात उचलला तर 1098 लाव. सातबारा, आधार, पासबुक यांचे फोटो आत्याच्या मोबाईलवर पाठवून ठेव. वहीच्या मागच्या पानावर तारीख घालून लिहीत जा, काय झालं, कशाने मारलं, कोणी पाहिलं.

मावशी, मनगट अजून दुखतं, तांब्या उचलत नाही, असं पत्रात आहे. एक्स-रे झालेला दिसत नाही. या आठवड्यात नातीला घेऊन ग्रामीण रुग्णालयात जा. डॉक्टर विचारतील, काय झालं. विहीर म्हणू नका. तुतारी म्हणा, आणि कोणी मारली तेही सांगा. तसंच कागदावर लिहून घ्या.