सायकलचा कोपरा : सिंहगड जमतो, मग लॅमिंग्टन?

प्रश्न : डिसेंबरात मुलाकडे ब्रिस्बेनला चाललोय, तिथल्या लॅमिंग्टन नॅशनल पार्कचा घाट रोड बाईकवर चढायचाय. सिंहगड नेहमी करतो, तेवढी प्रॅक्टिस पुरेल ना? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : पाय पुरतील हो, पण सिंहगड छोटा नि खडा, आणि हा कनुंग्रा गावापासून साधारण 35 किलोमीटर, अरुंद, वळणावळणाचा, त्यामुळे सुरुवातीलाच जोर काढू नका. डिसेंबर म्हणजे तिकडे उन्हाळा आणि पाऊस एकदमच, दुपारी वादळं होतात, पहाटेच निघा. मला काळजी उताराची वाटते. दाट झाडीखाली रस्ता लवकर सुकत नाही, ओला पाला चिकटून असतो, तेव्हा ब्रेक वळणाच्या आधीच लावा, वळणात अजिबात नको, आणि रिम ब्रेक (म्हणजे चाकाच्या धातूच्या कडेवर, रिमवर रबर दाबणारे) असतील तर आधी हलकेच दाबून रिमवरचं पाणी पुसून घ्या. टायरमध्ये हवा थोडी कमीच ठेवा.