स्वस्त गाडी काढली म्हणून पॅकार्ड बुडाली का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. एकेकाळी कॅडिलॅकपेक्षा वरची मानली जाणारी पॅकार्ड ही अमेरिकी मोटार कंपनी स्वस्त गाडी काढल्यामुळे बुडाली का? आणि एचपी म्हणजे ह्युलेट-पॅकार्ड या संगणक कंपनीच्या नावातल्या पॅकार्डशी तिचं काही नातं आहे का?

पहिल्याचं उत्तर माझ्या मते 'नाही' असंच आहे. जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या मंडळींत हे विधान इतकं रुळलंय की कोणी उलटतपासणीच करत नाही. सालं लावून पाहिली की गणित जुळत नाही.

जेम्स वॉर्ड पॅकार्ड हा ओहायोतल्या वॉरन गावचा विजेच्या सामानाचा कारखानदार. १८९८ मध्ये त्याने क्लीव्हलंडच्या अलेक्झांडर विंटन या मोटार बनवणाऱ्याकडून गाडी घेतली आणि ती सारखी बंद पडू लागली. तो तक्रार घेऊन गेला तेव्हा 'एवढं कळतं तर स्वतःच बनवून दाखव' अशा अर्थाचं काहीतरी विंटन बोलला म्हणतात. पुढचं मात्र दंतकथा नाही. जेम्स आणि त्याचा भाऊ विल्यम यांनी विंटनचीच दोन माणसं फोडली आणि ६ नोव्हेंबर १८९९ रोजी पहिली पॅकार्ड वॉरनच्या रस्त्यावर धावली. डेट्रॉइटच्या हेन्री जॉयने पैसा घातला आणि १९०३ मध्ये कारखाना तिकडे गेला. त्याच्या इमारती अल्बर्ट कान या वास्तुविशारदाच्या.

'ज्याच्याकडे आहे त्यालाच विचारा' ही त्यांची जाहिरातीची ओळ. एवढा माज परवडावा असा मालही होता. १९१५ मध्ये आलेल्या ट्विन सिक्समध्ये बारा सिलिंडरचं इंजिन होतं, आणि १९२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग शपथविधीला गेले ते याच गाडीतून. मोटारीतून शपथविधीला जाणारे ते पहिले राष्ट्राध्यक्ष. विसाच्या दशकात श्रीमंतांच्या गाड्यांत पॅकार्डचा खप कॅडिलॅकपेक्षा जास्त होता.

मग मंदी आली. मार्मन, पीअरलेस, पिअर्स-ॲरो, ड्यूसेनबर्ग ही त्याच पंगतीतली नावं तिसाच्या दशकात एकामागून एक संपली. कॅडिलॅकच्या पाठीशी जनरल मोटर्स होती, पॅकार्डच्या पाठीशी कोणीच नव्हतं. म्हणून १९३५ मध्ये त्यांनी 'वन-ट्वेंटी' काढली. किंमत हजार डॉलरच्या आत सुरू होत होती. आदल्या वर्षीची सगळ्यात स्वस्त पॅकार्डही दोन हजारांच्या पुढची होती. पहिल्याच वर्षी सुमारे पंचवीस हजार वन-ट्वेंटी खपल्या. १९३७ मध्ये आणखी स्वस्त सहा सिलिंडरची गाडी आल्यावर एकूण उत्पादन लाखाच्या वर गेलं. ही गाडी काढली नसती तर पॅकार्डचं नावही वरच्या यादीत शेवटी लिहावं लागलं असतं.

युद्धातही कंपनीने हात राखले नाहीत. हेन्री फोर्डने रोल्स-रॉइसचं मर्लिन विमान-इंजिन बनवायला नकार दिल्यावर ते काम पॅकार्डने घेतलं आणि पंचावन्न हजारांवर इंजिनं बनवली. मस्टँग लढाऊ विमानांत हीच इंजिनं होती.

खरी चूक युद्धानंतरची. तिजोरीत पैसा होता, मागणी तुफान होती आणि पुन्हा वरच्या वर्गात ठाण मांडायची संधीही होती. पण व्यवस्थापन मधल्या किमतीच्या गाड्यांना चिकटून राहिलं. १९४८ च्या फुगीर गाडीला लोकांनी 'गरोदर हत्तीण' म्हटलं. कॅडिलॅकने १९४९ मध्ये नवं व्ही-आठ (इंग्रजी V च्या आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरचं) इंजिन आणलं; पॅकार्डचं व्ही-आठ आलं १९५५ मध्ये. श्रीमंत गिऱ्हाईक सहा वर्षं थांबत नाही.

त्यात बॉडी बनवायचं काम त्यांनी ब्रिग्ज कंपनीकडे दिलं होतं. १९५३ मध्ये क्रायस्लरने ब्रिग्जच विकत घेतली. आता प्रतिस्पर्ध्याकडून बॉडी कशी घ्यायची? घाईघाईत कॉनर अव्हेन्यूवरच्या छोट्या जागेत जुळणी सुरू केली आणि दर्जा घसरला, तोही नेमका १९५५ साली. त्या वर्षीची गाडी मला आजही त्यांची सगळ्यात धाडसी गाडी वाटते. पुढची-मागची चाकं लांब टॉर्शन बारने, म्हणजे पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्यांनी, जोडलेली, आणि डिकीत वजन टाकलं की विजेची मोटर गाडी पुन्हा समपातळीत आणायची. पण गळणाऱ्या, खडखडणाऱ्या गाडीत कल्पकता कोणाला दिसणार?

शेवटचा घाव १९५४ चा, स्टुडबेकर ही दुसरी मोटार कंपनी विकत घेण्याचा सौदा. तिची आर्थिक अवस्था किती वाईट आहे हे नीट न तपासताच तो केला होता. जून १९५६ मध्ये डेट्रॉइटमधलं उत्पादन थांबलं. १९५७-५८ मध्ये पॅकार्ड म्हणून विकल्या त्या गाड्या मुळात स्टुडबेकरच होत्या. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. १९६२ मध्ये कंपनीच्या नावातूनही पॅकार्ड गळालं.

आता दुसरा प्रश्न. एचपीच्या डेव्हिड पॅकार्डशी या भावांचं काही नातं नाही. त्यांची विजेच्या सामानाची कंपनी, पॅकार्ड इलेक्ट्रिक, मात्र गाड्यांच्या कंपनीपेक्षा खूप जास्त टिकली. १९३२ मध्ये ती जनरल मोटर्सने घेतली, म्हणजे कॅडिलॅकच्याच मालकाने, आणि तिथून ती गाड्यांचं वायरिंग बनवत राहिली. पुढे ती डेल्फाय या गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत गेली, आणि २०१७ मध्ये त्या कंपनीचं नाव ॲप्टिव्ह झालं.