डॉसवर माझा पॉप-अप एडिटर (दुसरा प्रोग्राम चालू असताना त्यावरच उघडणारा) नीट उघडतो, पण फाइल सेव्ह केली की मशीन हँग होतं. असं का?

दोष एडिटरचा नाही, तो उघडण्याच्या मुहूर्ताचा आहे. मूळ प्रोग्राम इंटरप्ट २१ मध्ये, म्हणजे डॉसकडून एखादं काम (फंक्शन) करून घेत असताना (इंटरप्ट आणि फंक्शनचे आकडे हेक्समध्ये समजा) तुम्ही मधूनच पुन्हा २१ बोलावलात, तर डॉस तोच स्टॅक (परतीचे पत्ते ठेवायची मेमरी) पहिल्यापासून वापरायला घेतो आणि आधीच्या कामाचे परतीचे पत्ते पुसले जातात. म्हणून इंटरप्ट ९ (कीबोर्डचा) मध्ये हॉटकी, म्हणजे एडिटर उघडायची की, दिसली की फक्त फ्लॅग (खूण) लावा आणि बाहेर पडा. फ्लॅग तपासायचा इंटरप्ट ८ (टायमरचा) मध्ये, सेकंदाला १८.२ वेळा येतो तो. आधी जुना हँडलर (त्या इंटरप्टचा मूळ कोड) चालवा, मग इन-डॉस बाइट (डॉस कामात आहे का ते सांगणारी) शून्य आहे का ते बघा. तिचा पत्ता फंक्शन ३४ देतं. तो इन्स्टॉल होतानाच घेऊन ठेवा.

इथवर कुणीही सांगेल. माझा एडिटर अडकला तो याच्या पुढे. टर्बो पास्कलमध्ये झटकन उघडायचा, नुसत्या प्रॉम्प्टवर मात्र ढिम्म. एका सहकाऱ्याने सल्ला दिला, "तपासणीच काढून टाक ना." काढली, आणि उघडला! मग फ्लॉपीवर कॉपी चालू असताना सेव्ह केलं आणि फॅटची (डिस्कवर कुठली फाइल कुठे आहे त्या नोंदीची) वाट लागली. खरं कारण असं की प्रॉम्प्टवर कमांड.कॉम (कमांड घेणारा डॉसचा प्रोग्राम) फंक्शन ०ए मध्ये, म्हणजे ओळ टाइप होण्याची वाट बघत, बसलेलं असतं, त्यामुळे इन-डॉस तिथे कायम १ असते. पण कीची वाट बघताना डॉस सतत इंटरप्ट २८ देत राहतो. त्याला हुक लावा, म्हणजे तो आला की तुमचा कोड चालेल. तिथे इन-डॉस १ असली तरी ०सी च्या वरची फंक्शन्स चालतात, म्हणजे फाइल उघडणं, लिहिणं, बंद करणं. ०० ते ०सी ला हात लावायचा नाही, कारण तो स्टॅक आधीच वापरात आहे. की इंटरप्ट १६ ने वाचा, अक्षरं थेट बी८०० वर (स्क्रीनच्या मेमरीत) लिहा (मोनो कार्ड असेल तर बी००० वर). ८० बाय २५ स्क्रीनचे ४००० बाइट आधी बाजूला ठेवायचे हे वेगळं सांगत नाही. ग्राफिक्स मोड असेल तर बीप देऊन गप्प बसा.

सेव्ह करण्याआधी फंक्शन ५० ने स्वतःचा पीएसपी (डॉस प्रत्येक प्रोग्रामसाठी ठेवतो तो नोंदीचा तक्ता) लावा आणि नंतर जुना परत द्या. नाहीतर तुमची फाइल यजमानाच्या (खाली चाललेल्या प्रोग्रामच्या) हँडलच्या, म्हणजे उघड्या फाइलींच्या, यादीत जाते आणि तो बंद झाला की तीही बंद. इंटरप्ट २४ (डिस्कची गंभीर चूक झाली की येणारा) सुद्धा स्वतःचा हवा. राइट-प्रोटेक्ट फ्लॉपीवर 'अबॉर्ट' दाबलं गेलं तर खाली चाललेल्या कामाचं काय होईल याचा विचार करा. एएल (प्रोसेसरचा एक रजिस्टर) मध्ये ३, म्हणजे 'फेल', देऊन परत या.

बोरलँडचं साइडकिक १९८४ मध्ये आलं. कंट्रोल-ऑल्ट दाबलं की कशावरही उघडायचं आणि त्याच्या नोटपॅडला वर्डस्टारच्या कमांड चालायच्या. तेव्हा हे जमत होतं, म्हणून "डॉसवर असं धड होतच नाही" हे त्या सहकाऱ्याचं पालुपद मला कधीच पटलं नाही.

हो, एक राहिलं: वरचं सगळं डॉस ३.१ आणि पुढच्यासाठी. २.x मध्ये फंक्शन ५० इंटरप्ट २८ च्या आतून बोलावलंत तर पुन्हा तोच स्टॅक, पुन्हा हँग.