‘बाबांना पटवायचं कसं?’

हा प्रश्न गोव्यात फोंड्याच्या माझ्या समुपदेशन केंद्रात इतक्यांदा येतो की विचारणारा कधी मुलगा, कधी मुलगी, कधी सून, एवढाच फरक. आईवडील गावच्या घरात एकटे, मुलं मडगावला, पर्वरीला नाहीतर दुबईला. म्हातारं माणूस एकदा पडतं आणि मग दर रविवारी घरात तोच विषय: आता आमच्याकडे राहायला चला. इथे सांगते ती गोष्ट घरच्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून.

मुलगा वेर्ण्याला औषधांच्या कंपनीत, फातोर्ड्याला फ्लॅट, लिफ्ट वगैरे सगळं. वडील निवृत्त शिक्षक, संस्कृत आणि मराठी शिकवलेले, पंचाहत्तरी ओलांडलेले. फोंडा तालुक्यात कुळागर: पोफळी, माड, मधे केळी, पोफळीवर चढवलेले मिरीचे वेल. खाली पाटाकडे उतरायला चिऱ्याच्या पायऱ्या. श्रावणात त्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, हे इकडे कुणाला सांगायला नको. मास्तर तिथेच घसरले आणि मनगट मोडलं.

मुलगा पहिल्यांदा एकटा आला. म्हणाला, “मॅडम, मी महिनोन्‌महिने त्यांची समजूत काढतोय. पण ते हुज्जत घालतात.”

मी म्हटलं, पुढच्या वेळी बाबांना घेऊन या.

सगळं घरच आलं. मी प्रत्येकाला मागच्या रविवारी जेवताना काय झालं ते आपापल्या शब्दांत सांगायला लावलं. माझी ही नेहमीची रीत. काय झालं याबद्दल माणसं फारशी खोटं बोलत नाहीत, पण झालेल्या प्रकाराला जे नाव देतात त्यात सगळं कळतं. मुलाच्या मते त्याने समजूत काढली, सुनेच्या मते तिने मनधरणी केली, आणि धाकट्या नातवाच्या मते “आजोबा आणि पप्पा भांडले”. मास्तर शेवटी बोलले. “बाय, समजूत रडणाऱ्या पोराची काढतात. मी रडत होतो?”

मुद्दा बरोबर होता. समजूत काढायची ती रुसलेल्याची, घाबरलेल्याची किंवा चुकीचं काहीतरी धरून बसलेल्याची. म्हणजे मी समजूत काढतो असं म्हणताना समोरच्याची बाजू ही बाजूच नाही, नुसता रुसवा आहे, हे आपण आधीच ठरवलेलं असतं. आयुष्यभर वर्गात उभ्या राहिलेल्या माणसाला ते झोंबणारच. ‘हुज्जत’ हाही असाच एक शब्द. मूळ अरबीत त्याचा अर्थ पुरावा, युक्तिवाद. आपल्याकडे येईपर्यंत पुरावा गळून गेला आणि वर चढलेला आवाज तेवढा उरला. रिक्षावाल्याशी भाड्यावरून घालतात ती हुज्जत. वडील हुज्जत घालतात म्हटलं की त्यांचं म्हणणं ऐकायची जबाबदारीच संपते.

मग मास्तरांना जोर चढला. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार आहेत, म्हणाले. खरं काय ते शोधायला दोघांनी मिळून करायचा तो वाद. जिंकण्यासाठी करायचा तो जल्प. आणि स्वतःची काहीच बाजू न मांडता समोरच्याची नुसती खोडत जायचं, ती वितंडा. “आमच्या घरात वाद होतच नाही. वितंडा होते.” खरा वाद कसा असतो तेही त्यांनी सांगितलं. 16 जानेवारी 1967 चा जनमत कौल, गोवा महाराष्ट्रात जायचा की केंद्रशासित राहायचा. मतपत्रिकेवर विलीनीकरणाला फूल, वेगळं राहण्याला दोन पानं. यांचे वडील फुलाचे आणि काका पानांचे. ओसरीवर दोघांचे आवाज वाड्याच्या टोकापर्यंत जायचे, पण कोण काय मागतोय आणि का, हे घरातल्या पोरांनाही पाठ होतं. निकाल पानांच्या बाजूने गेला, 34,021 मतांनी. त्यावर काका गावभर पेढे वाटून आले आणि वडिलांनी त्यांतला एक खाल्ला.

मी त्यांना पुरतं बोलू दिलं आणि विचारलं, “मास्तर, मग फातोर्ड्याच्या बाबतीत तुमची बाजू काय?”

“माझी? मी सांगितलंय की, नको म्हणून.”

“ते त्याच्या बाजूचं खंडन झालं. तुमची स्वतःची?”

मुलाला हसू आलं, त्याने ते दाबलं. मास्तर बराच वेळ गप्प बसले. रागावले असते तर मला नवल वाटलं नसतं, पण शिक्षकाला आपलीच व्याख्या आपल्यावर चालवलेली मनातून आवडते असा माझा अनुभव आहे. मग ते म्हणाले, “तिथे सकाळी नऊला पेपर वाचून होतो. त्यानंतर मी करायचं काय?” कुळागरात पहाटे पाट फिरवायचा, सुपारी वाळत घातली असेल तर उलटायची, पाडेली (नारळ-सुपारी पाडणारा) येणार असेल त्याची वाट बघायची, फुलं काढून पूजा. हे सगळं त्यांनी मुलाला कधी सांगितलं नव्हतं. मुलाला वाटायचं, बाबांचा जीव जमिनीत अडकलाय. जीव दिवसाच्या कामात होता.

आता मी मुलाकडे वळले. आपण पटवणं, गळी उतरवणं, मन वळवणं असं म्हणतो खरं, पण पटणं हे समोरच्याच्या हातात असतं. ‘मला पटलं’ असं आपण म्हणतो, ‘मी पटलो’ असं नव्हे. (‘पोरगी पटली’चा हिशेब वेगळा, तो इथे नको.) त्याने चौथ्यांदा तेच मुद्दे जास्त मोठ्याने मांडून काही होणार नव्हतं. मी त्याला म्हटलं, पटवायचं सोडा, आर्जव करा. त्याला वाटलं हातापाया पडायला सांगते आहे. मास्तरच मधे बोलले, “आर्जव म्हणजे ऋजुता. सरळपणा. गीतेच्या तेराव्या अध्यायात आहे.” मराठीत त्याची विनवणी झाली, पण मला तो जुना अर्थच हवा होता. आडवळणाने लिफ्टचे फायदे सांगायचे नाहीत, स्वतःला काय हवंय ते सरळ बोलायचं.

त्याला वेळ लागला. शेवटी म्हणाला, “बाबा, तुम्ही पडलात तेव्हा दोन तास तिथे पडून होतात. मला दुपारी कळलं. आता रात्री फोन वाजला की माझे हात कापतात. मला यातून सुटका हवीय.”

मास्तर म्हणाले, “हे आधी का नाही बोललास?”

असं ऐकून सगळं मिटतं असं समजू नका. मिटलं नाही. पण मागणी काय आहे हे कळल्यावर तिच्यावर बोलता येतं. फ्लॅट हा एकच उपाय राहिला नाही. पायऱ्यांना लोखंडी कठडा झाला, पावसाळ्यात त्या आठवड्याला घासायच्या ठरल्या, शेजारचा मुलगा झाडांना पाणी शिपायला ठेवला, सकाळी सातला आणि रात्री आठला फोन ठरला. फोन उचलला नाही तर तोच शेजारी जाऊन बघणार. शिवाय मी त्यांना डोळे, कान आणि रक्तदाबाच्या गोळ्या तपासायला डॉक्टरांकडे पाठवलं. ते मी अशा प्रत्येक घराला सांगते, कारण पडण्यामागे कधी गोळी असते, कधी मोतीबिंदू, आणि ‘म्हातारा हेकट झालाय’ यामागे कधी नुसतं कमी ऐकू येणं असतं. मास्तरांना एका कानाने कमी येत होतं. स्पीकरवर चौघं एकदम बोलत, त्यातलं अर्धं त्यांना कळत नसे, आणि न कळलेल्या प्रत्येक गोष्टीला ते ‘नको’ म्हणत.

विसरभोळेपणा वाढलेला असेल, गॅस चालू राहत असेल, तर मात्र शब्दांची ही निवड पुरणार नाही. तिथे आधी तपासणी, मग बोलणं.

जुलैत मास्तर फातोर्ड्याला राहायला गेले होते. महिना ठरला होता, नागपंचमीच्या आधीच परतले. मुलगा मला फोनवर म्हणाला की हा त्याचा पराभव आहे. मी म्हटलं, म्हणजे तुम्ही अजून जल्पच करताय. माळ्यावर चढून नारळ काढण्यावरून त्यांचं अजूनही वाजतं, आणि त्या बाबतीत मी पूर्ण मुलाच्या बाजूची आहे. मास्तरांना तसं सांगितलंही आहे. ते म्हणतात, पुढच्या भेटीत बाजू मांडतो.