वाचकांचे प्रश्न : दिवाळी ते होळी गाडी बंद ठेवायची तर

या वेळी मोटरसायकल काही महिने उभी ठेवण्याच्या एकाच विषयावर बरीच पत्रं आली आहेत, म्हणून ती एकत्र घेतली.

प्रश्न : दिवाळी झाली की आम्ही कामासाठी बाहेर जातो, होळीला परततो. गाडी १०० सीसी, जुनी, कार्ब्युरेटरची. दरवर्षी आल्यावर चोक ओढून कशीबशी सुरू होते आणि चोक सोडला की बंद पडते. मिस्त्री कार्ब्युरेटर साफ करून पैसे घेतो. जाताना काय करून ठेवावं?
— एक वाचक, धारणी

उत्तर : तुम्ही सांगितलेलं लक्षण पायलट जेट (संथ चालताना पेट्रोल सोडणारी कार्ब्युरेटरमधली बारीक तोटी) तुंबल्याचं आहे. कार्ब्युरेटरच्या बाउलमध्ये (खालच्या वाटीत) राहिलेल्या पेट्रोलमधला हलका भाग महिन्या-दोन महिन्यांत उडून जातो आणि चिकट राळेसारखा थर मागे उरतो. पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं, त्यामुळे ते आधी बंद होतं. उपाय फुकटचा आहे. पेट्रोल कॉक बंद करा, गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा आणि मग बाउलच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून उरलेलं पेट्रोल बाटलीत काढा. नुसता कॉक बंद करून भागत नाही, कारण गाडी बंद पडली तरी तळाशी थोडं पेट्रोल राहतंच. हे काम चुलीपासून लांब, उघड्यावर करा.

टाकी एक तर काठोकाठ (टोपीखाली दोन बोटं सोडून) भरा, नाही तर पूर्ण रिकामी करा. अर्धी टाकी सगळ्यात वाईट. हिवाळ्यात आपल्याकडे रात्री १० अंश आणि दुपारी ३० अंश असा फरक पडतो. टाकीतली हवा त्याबरोबर आत-बाहेर होते आणि दमट हवेतलं पाणी आतल्या पत्र्यावर सुटतं. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाशी बसतात. तिथूनच टाकी सडायला लागते. भरलेल्या टाकीतलं पेट्रोल मागे कोणी नळी लावून काढेल अशी भीती असेल (ती खोटी नसते), तर टाकी रिकामी करून आत ५०-१०० मिली इंजिन ऑइल टाका आणि टाकी सगळीकडे कलवून आतून माखून घ्या. परत आल्यावर थोड्या पेट्रोलने खळबळून काढा.

ऑइल परत आल्यावर बदलू, असं बहुतेक जण म्हणतात. ते उलटं आहे. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल, पाणी आणि थोडं पेट्रोल मिसळलेलं असतं, ते चार महिने बेअरिंगवर कशाला ठेवायचं? जायच्या आधी गाडी पाच-दहा किलोमीटर फिरवा आणि गरम असतानाच ऑइल काढा. १०० सीसीला साधारण ९०० मिली ते १ लिटर लागतं. बहुतेक गाड्यांना १०डब्ल्यू-३० चालतं, पण डब्यावर ‘जासो एमए’ (मोटरसायकलच्या ऑइलची खूण) पाहूनच घ्या. कारचं ऑइल टाकलं की क्लच घसरतो.

मग प्लग काढा, भोकातून चमचाभर (५ मिली) नवं ऑइल सोडा, वर फडकं धरा आणि चावी बंद ठेवून किक हाताने चार-पाच वेळा सावकाश दाबा. प्लग आधी हाताने फिरवून बसवा, पाना शेवटी. नंतर किक कडक लागते तिथवर आणून सोडा. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि दमट हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही.

धुणं हे सगळ्याच्या आधीचं काम. मडगार्डखाली चिकटलेली काळी माती ओल धरून ठेवते, ती काडीने खरवडून काढा. खारपाण पट्ट्यात बोअरच्या पाण्याने धुतलं तर क्षार मागे राहतात, म्हणून शेवटचा हात गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने फिरवा. सर्व्हिसिंगवाले चकाकीसाठी डिझेल मारतात ते मारू देऊ नका, रबर फुगतं. चेन रॉकेलने घासून, वाळवून ९० नंबरचं गिअर ऑइल लावा. जळकं ऑइल चेनला लावायची सगळीकडे सवय आहे, पण त्यात आम्ल आणि कचरा दोन्ही असतात.

हवा नेहमीपेक्षा ५ पौंड जास्त भरा, गाडी मधल्या स्टँडवर घ्या आणि चाकाखाली फळी ठेवा. झाकायला जुनी चादर किंवा धोतर पुरे. ताडपत्री गुंडाळली की आत घाम सुटतो.

प्रश्न : मुलगा नोकरीसाठी बाहेर आहे. त्याची नवी गाडी मी दर रविवारी पाच मिनिटं सुरू करून ठेवतो. तरी बॅटरी उतरली. असं का?
— एक वाचक, चिमूर

उत्तर : पाच मिनिटं सुरू करणं बंद करा. स्टार्टर जितकी वीज खातो तितकी उभ्या गाडीच्या संथ फिरण्यातून परत भरत नाही. शिवाय पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. सायलेन्सर आणि इंजिन पुरेसे तापले नाहीत तर ते वाफ होऊन बाहेर पडत नाही, आतच साचतं. चालवायचीच असेल तर पंधरा दिवसांतून एकदा सलग १०-१२ किलोमीटर चालवा. नसेल तर हातच लावू नका आणि बॅटरी काढून ठेवा.

काढताना आधी काळी (निगेटिव्ह) वायर, बसवताना ती शेवटी. लाल आधी सोडली आणि पाना चेसीला टेकला की ठिणगी पडते. मल्टिमीटरवर १२.६ व्होल्ट किंवा वर म्हणजे भरलेली. १२.४ च्या खाली गेली की चार्ज करा. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने राहिली की प्लेटांवर कडक थर बसतो आणि तो मग सुटत नाही.

चार्जिंगचा विद्युतप्रवाह बॅटरीच्या क्षमतेच्या दहावा हिस्सा, म्हणजे ४ अँपिअर-अवरच्या बॅटरीला ०.४ अँपिअर. फवारणी पंपाचा चार्जर ८ किंवा १२ अँपिअर-अवरच्या बॅटरीसाठी असतो, तो या छोट्या बॅटरीला तापवतो. सोलर पॅनलची वायर थेट जोडणं त्याहून वाईट, कारण ‘१२ व्होल्ट’च्या पॅनलमधून उन्हात १७-१८ व्होल्ट येतात.

२०२० नंतरच्या बहुतेक गाड्या इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटरऐवजी पेट्रोल फवारणाऱ्या) आहेत, त्यांना वरचा कार्ब्युरेटरचा भाग लागू नाही. पेट्रोल पंप टाकीच्या आतच असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो, म्हणून ती गाडी पेट्रोल संपेपर्यंत चालवून बंद पाडू नका. टाकी भरून ठेवा.

प्रश्न : मोबाइलवरच्या व्हिडिओत थंडीसाठी अँटिफ्रीझ टाकायला सांगतात. आपल्याकडे लागतं का?
— एक वाचक, चिखलदरा

उत्तर : नाही. ते बर्फाच्या देशांचं आणि पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांचं काम. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तरी पाणी गोठण्याइतकी ती थंडी नव्हे. तुमच्या गाडीला रेडिएटर असेल तर कंपनीचं कूलंट पुरेसं आहे. त्यात विहिरीचं पाणी ओतू नका, एवढंच.

प्रश्न : गाडी कुठे ठेवावी? कोठ्यात जागा आहे, पण मागच्या वर्षी उंदरांनी वायरिंग खाल्लं.
— एक वाचक, दर्यापूर

उत्तर : कोठा, म्हणजे गुरांचा गोठा, नकोच. गोमूत्रातून सुटणारा अमोनिया तांब्या-पितळेची टर्मिनलं हिरवी करतो, ॲल्युमिनियमही खराब करतो. युरिया-पोटॅशच्या पोत्यांजवळही नको, खत ओल ओढतं आणि लोखंड गंजवतं. कापूस, सोयाबीन किंवा कुटार ठेवलेल्या खोलीत उंदीर असणारच. गाडीच्या चारही बाजूंनी दोन-तीन फूट जागा मोकळी ठेवा, आडोसा नसला की ते कमी फिरकतात. सायलेन्सरच्या तोंडात तारेची घासणी कोंबा, एअर फिल्टरच्या तोंडावर बारीक जाळी बांधा. डांबरगोळ्यांचा वास काही आठवड्यांत उडतो, त्यावर विसंबू नका. घासणी आणि जाळी काढायची आठवण म्हणून चावीला चिंधी बांधा. चूल किंवा दिवा असलेल्या बंद खोलीत भरली टाकी ठेवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते.

प्रश्न : परत आल्यावर थेट किक मारायची का?
— एक वाचक, कुरखेडा

उत्तर : आधी एअर फिल्टरचा डबा उघडून आत घरटं नाही ना, वायर कुरतडलेली नाही ना, ते पाहा. हवा भरा. कॉक उघडून दोन मिनिटं थांबा. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल गळत असेल तर आतली सुई अडकली आहे, बाउलवर पेचकसाच्या मुठीने हलकं ठोका. मग चावी बंद ठेवून आठ-दहा किका मारा, म्हणजे ऑइल वर चढतं. त्यानंतरच चोक लावून सुरू करा. पहिली काही मिनिटं निळसर-पांढरा धूर येईल. तो आपण टाकलेल्या ऑइलचा आहे, घाबरू नका.

गाडी एखाद-दोन किलोमीटरवर बंद पडते, टाकीची टोपी उघडली की पुन्हा चालते, असं झालं तर टोपीतलं हवेचं भोक कुंभारीण माशीने मातीने बुजवलं असेल. ते तारेने मोकळं करा. क्लच दाबूनही गिअर टाकताच गाडी झेप घेत असेल तर क्लच प्लेटा चिकटल्या आहेत. इंजिन बंद करा, वरच्या गिअरमध्ये क्लच दाबून गाडी मागे-पुढे ढकला, सुटतील. ड्रमवर गंज चढलेला असतो, त्यामुळे पहिले काही ब्रेक एकदम पकडतात. ते गावाच्या रस्त्यावर हळू लावून पाहा, मगच हायवेला जा.